सही कुठे करू?

ग्रँड फोर्क्सला ऑक्टोबरात
रस्त्यावर बीट सांडलेले असतात,
ट्रकमधून निसटलेले, नारळाएवढे,
आणि कारखान्याकडून वास येतो
काकवी करपल्यासारखा.

अशाच एका संध्याकाळी ती दुकानात आली.
घोट्यापर्यंत काळी माती, कानांवर ओढलेली टोपी,
वय अडुसष्ट
(तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं).
"फोन हवाय. साधा. बोलता येईल असा."

मी नेहमीचं म्हणून दाखवलं:
पंचवीस डॉलर, तीस दिवस.
दोन वर्षांचा करार नाही,
मधेच सोडलं तर दंड नाही,
पत कुणी तपासत नाही, वीजबिल कुणी मागत नाही.
आज रोख, पुढच्या महिन्यातही रोख.
भरलेत तर चालू, नाही भरलेत तर बंद.
वसुलीला कुणी दारात येणार नाही.

"दार तरी कुठंय," ती म्हणाली.
"व्हॅनमध्ये राहते. सरकतं दार आहे,
तेही अर्ध्यात अडकतं."

मग तिने कोटातून पेन काढलं.
"सही कुठे करू?"

कुठेच नाही, मी म्हणालो.

"कुठेच नाही?"
पेन तसंच हवेत.
"अठ्ठ्याहत्तर सालापासून सह्या करतेय मी.
चर्चच्या वहीत. घराच्या कर्जावर.
डेनिसच्या ट्रॅक्टरवर, जो मला कधी चालवू दिला नाही.
गेल्या मार्चमध्ये वकिलाकडे सतरा ठिकाणी,
पिवळ्या चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या त्याने,
इथे, इथे, आणि इथे.
फोनसुद्धा डेनिसच्याच प्लॅनमध्ये होता.
बिलावर माझं नाव नसायचं.
'लाइन दोन' असायचं."

मी मान खाली घालून सिम बसवत राहिलो.
नखाएवढं असतं, बोलता बोलता पडलं
तर सापडत नाही.
नाहीतर सांगितलं असतं
की मीही यादीतली एक ओळ होतो,
झापा जिल्ह्यात, बांबूच्या खोपटात,
अठरा वर्षं, पंधरा-पंधरा दिवसांच्या तांदळावर.
तात्पुरतं आहे, म्हणायचे सगळे.
त्या तात्पुरत्यात माझं लग्न झालं,
आईला नदीकाठी पोचवून आलो
ते त्या तात्पुरत्यातच.

"नंबर निवडा." स्क्रीनवर तीन होते.
तिने तिन्ही मोठ्याने वाचले, दुकानात जागा बघतात तशी
प्रत्येकात जरा थांबून.
"मधला द्या. यात माझी कुठलीच तारीख नाही."

आता कुणाला तरी लावून बघा, म्हणालो.

आणि ती उभी राहिली.
पाठ असलेला नंबर एकच, तिच्या स्वतःच्या घराचा,
जिथे आता डेनिस उचलेल.
मागे रांगेत एक पोरगा चार्जरची वायर
बोटाला गुंडाळत होता, उलगडत होता.
तिने काउंटरवरचं आमचं कार्ड उचललं,
डोळ्यांजवळ धरलं, एकेक आकडा दाबला,
आणि माझ्या कोपराशी
दुकानाचा फोन वाजला.

दोन हातांवर उभी होती ती. मी उचलला.
"हॅलो."
"हॅलो, मार्लिस बोलतेय."
"हेमलाल बोलतोय. आवाज येतोय?"
"दोनदा येतोय.
आधी तुमचा, मग लगेच पुन्हा तुमचा."
"आज कितीला पाळी?"
"आठला. सकाळपर्यंत. बूट वाळत नाहीत हो."
"हीटरच्या अगदी जवळ ठेवू नका, तळवे सुटतात."
"बरं."
पोरगा आमच्याकडे बघत होता.
दोघांपैकी आधी कुणी ठेवला, आठवत नाही.

नोव्हेंबरात शेतं मोकळी झाली,
व्हॅन दक्षिणेला गेल्या.
रिचार्ज काय, कुठूनही मारता येतं,
ॲरिझोनातल्या पेट्रोल पंपावरूनसुद्धा.
माझ्याकडे कोण येतंय सांगायला.

एकतिसाव्या दिवशी गल्ला मोजून झाल्यावर
दुकानाच्या फोनवरून तो मधला नंबर लावला.
वाजला.
तीनदा, चारदा.
पाचव्याला मी ठेवून दिला.
वाजतोय
म्हणजे भरलेत.